फेअरफोन आमच्या घरीं

वस्तु विकत घेतांना भाव, रंग आणि टिकाऊपणा पाहण्याची रीत आपल्या कुटुंबांत सर्वांस ठाऊक आहे; ती वस्तु करणाऱ्याच्या पदरांत काय पडलें, हा प्रश्न मात्र दुकानाच्या पायरीवर सहसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारणारी एक पिढी आपल्याच घरांतून होऊन गेली. १९३५ सालीं गांधीजींनीं चरखा संघापुढें असा आग्रह धरला कीं, सूत कातणाऱ्या बाईस पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. आठ तासांच्या कामास आठ आणे, हा त्यांचा आदर्श होता. तेवढी मजुरी देणें संघास झेपलें नाहीं, तरी ती वाढली, आणि तिच्याबरोबर खादीहि महागली. आमचे तीर्थरूप ती महागलेली खादी वापरीत. धोतर विरलें कीं त्याचे पंचे, पंचे विरले कीं हातपुसणीं, आणि शेवटीं दिव्याच्या वाती, अशी त्या कापडाची वाटचाल आमच्या मातोश्रींनीं घरांत चालविली होती. आज त्या गोष्टीची आठवण होण्याचें कारण कापड नसून फोन आहे.

फोनाच्या पोटांत काय काय असतें, याची चौकशी आम्हीं शाळेंतून निवृत्त झाल्यावर सवडीनें केली. त्याच्या बॅटरींत कोबाल्ट असतो. जगांतील कोबाल्टापैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक आफ्रिकेंतील काँगो देशांतून येतो, आणि त्यांतला कांहीं भाग हातानें बोगदे खणणारी गरीब माणसें काढतात. २०१६ सालीं ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें काढलेल्या अहवालांत त्या खाणींवर राबणाऱ्या मुलांचीं वर्णनें आहेत. त्याच देशाच्या पूर्व भागांत टँटलम, कथील, टंगस्टन व सोनें यांच्या व्यापारावर सशस्त्र टोळ्या पोसल्या गेल्या. हें सर्व दूरदेशचें म्हणून कोणी हात झटकील, तर विद्युत्-उपकरणांस लागणारें अभ्रक आपल्याच झारखंडांतलें. कोडर्मा-गिरिडीहच्या बाजूस सोडून दिलेल्या खाणींतून तें मुलें वेंचीत आलीं आहेत.

संस्कृत शिकवितांना मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतील एक जागा आम्हांस नेहमीं थांबवीत असे. मांसाच्या प्रकरणांत तेथें घातक म्हणून आठ जण मोजले आहेत: संमति देणारा, कापून वाटे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा. मनूच्या इतर पुष्कळ वचनांशीं आमचें पटत नाहीं, व तो वाद येथें काढण्याचें प्रयोजनहि नाहीं. पण घेणाऱ्यास त्या पंक्तींत नेऊन बसविण्याची ही दृष्टि बाजारास कधींच सोयीची नव्हती. वर्गांत हा श्लोक आला कीं मुलें खाणाऱ्याविषयीं शंका काढीत, घेणाऱ्याविषयीं नाहीं.

हॉलंडांत ॲम्स्टरडॅम येथें बास व्हान आबेल व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं या खनिजांविषयीं लोकजागृतीचें काम आरंभिलें, आणि त्यांतूनच २०१३ सालीं फेअरफोन नांवाची कंपनी निघाली. नुसतें ओरडत बसण्यापेक्षां फोनच करून पाहावा, म्हणजे गांठ कोठें बसते तें कळेल, असा त्यांचा विचार होता. सोनें न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्राचें घ्यावयाचें, टंगस्टन रुआंडांतल्या माहितीच्या खाणींतलें घ्यावयाचें, फोन जोडणाऱ्या चिनी कारखान्यांतील कामगारांस नेहमींच्या वेतनाखेरीज वरकड रक्कम पोहोंचवावयाची, असा त्यांचा क्रम आहे. सर्वस्वीं न्याय्य असा फोन अद्याप कोणास करतां आलेला नाहीं, हें ही मंडळी स्वतःच सांगतात. आमचा विश्वास बसला तो या कबुलीमुळें. त्यांचा पहिला फोन सुमारें साठ हजार लोकांनीं घेतला होता, पण २०१७ सालीं त्याचे सुटे भाग पुरविणें बंद करावें लागलें. त्या ठेंचेनें त्यांस शहाणपण आलें असावें. २०१५ च्या अखेरीस निघालेल्या दुसऱ्या फोनास मार्च २०२३ पर्यंत नवीन आज्ञावली मिळत राहिली. ऑगस्ट २०२३ मध्यें पांचवा निघाला, त्यांत तर फोनांतली नेहमींची चिप न घालतां कारखान्यांच्या यंत्रांसाठीं केलेली चिप घातली, कारण तिचा कर्ता तिला अधिक वर्षें साथ देतो. त्या बळावर २०३१ पर्यंतचें वचन देतां आलें. बॅटरी नखानें निघते. पडदा, कॅमेरे, चार्जिंगचें तोंड वगैरे भाग एका साध्या स्क्रूड्रायव्हरनें सुटतात. निघाला तेव्हां त्याची किंमत ६९९ युरो होती, म्हणजे आपले साठ हजारांच्या वर.

आतां अडचण अशी कीं, ही कंपनी आपला माल मुख्यतः युरोपांत विकते. मागणीपत्रावर देशांची यादी असते, तींत भारत नाहीं. आमच्या नातीनें ती यादी दोनदां वाचली व म्हणाली, "आजोबा, यांच्या लेखीं आपण नाहींच." आम्ही म्हणालों, यांच्या लेखीं काँगो आहे, तेवढें पुरे. धाकट्या बंधूंचा मुलगा आइन्डोव्हेन येथें नोकरीस असतो. त्यानें हा पांचवा फोन स्वतःसाठीं म्हणून घेतला, कांहीं महिने वापरला, आणि सुट्टींत येतांना आमच्या हातीं ठेवला. पैशाचें नांव काढतांच तो म्हणाला, "काका, तुमच्याकडून पैसे घेऊं? मला रूपें तुम्हींच पाठ करून घेतलींत." परंतु फुकट आलेल्या फोनाचे आम्ही घेणारे ठरत नव्हतों. निवृत्तिवेतनाच्या खात्यावरून पूर्ण रक्कम त्याच्या वडिलांच्या खात्यांत भरली, तेव्हां कुठें फोन खिशांत घातला.

त्या रात्रीं जेवणाच्या वेळीं आमच्या सौभाग्यवतींनीं वाढतां वाढतां विचारलें, "अहो, काँगोतल्या मजुराच्या पोटाची काळजी झाली तें ठीक, आपल्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंस पगारी रजा किती, हें ठाऊक आहे का तुम्हांस?" पंक्तींत शांतता पसरली. सूनबाई हंसूं लागल्या, कारण उत्तर त्यांस ठाऊक होतें: मागच्या दिवाळीपासून महिन्यांत चार दिवसांची पगारी रजा व दोनशें रुपयांची वाढ सासू-सुनांनीं घरखर्चांतून परस्पर चालू केली होती. साठ हजारांचा फोन न घेतां न्याय करतां येतो, हें इतक्या थोडक्यांत दुसऱ्या कोणास सांगतां आलें नसतें. आम्ही ताक मागून घेतलें.

परक्या देशचा फोन येथें वापरावयाचा म्हणजे पुढील गोष्ट जाणून असावी. हल्लीं ४जीवरून बोलतां यावें यासाठीं त्या-त्या जाळ्याची माहिती फोनांत आधीं भरलेली लागते, आणि जेथें फोन विकावयाचा नाहीं तेथील माहिती बहुधा भरलेली नसते. जिओसारख्या जाळ्यांत जुनें २जी मुळींच नाहीं. तेव्हां तेथें दुसरी वाटहि उरत नाहीं. यांत दोष असा कोणाचाच नव्हे. पण आमच्या थोरल्या भगिनी पैठणास असतात, वय ऐंशींच्या पुढें, आणि रात्रीं नवाच्या ठोक्यास त्यांचा फोन येतो. तो चुकला तर त्या झोंपत नाहींत. त्यांस इंटरनेटावरून बोलावयास शिकविण्यापेक्षां २जी अजून चालविणारें एक कार्ड घेणें सोपें होतें, तें आम्हीं घेतलें. ताईंचा आवाज थोडा विहिरींतून आल्यासारखा येतो, परंतु रोज येतो.

गेल्या कार्तिकांत फोन हातांतून निसटून ओट्यावरून शहाबादी फरशीवर पडला आणि पडदा तडकला. पांच वर्षांची हमी असते ती युरोपांतली, व ती पडझडीस लागूहि नसते. नवा पडदा शंभर युरोंच्या घरांत मिळतो, पण तो घेऊन येणारा माणूस पाहिजे. पुतण्याचा एक मित्र चोवीस दिवसांनीं मुंबईस उतरणार होता. दिवस नोव्हेंबरचे, निवृत्तिवेतन घेणाऱ्यानें आपण हयात असल्याचा दाखला याच महिन्यांत द्यावयाचा असतो व हल्लीं तो फोनासमोर तोंड धरून देतां येतो. आम्ही बँकेंत जाऊन समक्ष सही केली. फोनावांचूनहि मनुष्यास जिवंत ठरतां येतें, हा अनुभव समवयस्कांनीं लक्षांत ठेवावा.

त्या चोवीस दिवसांत आम्ही पैठण गेटला तीन खेपा घातल्या. तेथील मोबाइल दुरुस्तीचीं दुकानें आपल्या गांवांत कोणास अपरिचित नाहींत. आम्ही ज्याच्याकडे गेलों त्याचे वडील टीव्ही दुरुस्त करीत. पैठण रस्त्यावर चितेगांवास व्हिडिओकॉनचा कारखाना जोरांत होता तेव्हांचा तो काळ; त्या कंपनीवर २०१८ सालीं दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, पण तिचे संच कांहीं घरांतून अजून चालतात, आणि ते चालते ठेवणारे हात या गल्ल्यांतलेच. मुलाच्या दुकानांत एका तापत्या तव्यावर फोन ठेवलेले असतात, कारण त्यांचे पडदे डिंकानें चिकटविलेले असतात व ऊब दिल्यावांचून सुटत नाहींत. बाजूच्या डब्यांत मेलेल्या फोनांचे अवयव. दहा मेलेल्यांतून दोन जिवंत करावयाचे, असा तेथील हिशेब आहे. जगांत २०२२ या एका वर्षांत सहा कोटि वीस लाख टन विद्युत्-कचरा झाला आणि त्यांतला चौथा हिस्साहि रीतसर गोळा झाला नाहीं, असें संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आम्हीं वाचलें होतें. त्याचा आंकडा लहान करणारी ही जागा आठ फूट लांब आहे.

त्यानें आमचा फोन हातांत घेतला, पाठ काढली, बॅटरी काढली, स्क्रू मोजले आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, ये कंपनीवाले इत्ता आसान बनाये तो हमारे कू कौन पूछेगा?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. खाणींतल्या मजुराचा व कारखान्यांतल्या कामगाराचा विचार ज्या फोनांत केलेला आहे, त्यांत या माणसाची जागा कोणती, हें आम्हीं कोठें वाचलें नव्हतें. युरोपांत जून २०२५ पासून असा नियम लागू झाला कीं, फोनाची विक्री थांबल्यावरहि सात वर्षें त्याचे सुटे भाग मिळावेत. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं सरकारनें एक संकेतस्थळ उघडलें, आणि २०२५ सालीं एका समितीनें वस्तु किती दुरुस्त होऊं शकते याचे गुण तिच्यावर छापावेत असें सुचविलें. हें सर्व आम्हीं त्यास समजावून सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें व तव्यावरचा एक फोन उलटून म्हणाला, "पार्ट मिले तो काम मिलता, सर. पार्ट नै तो नंबर कित्ते बी छापो." आमच्या मतें समितीनें एक बैठक त्या आठ फुटांत घ्यावयास हरकत नव्हती.

पडदा आला तो मित्राच्या हातपिशवींतून, मोज्यांत गुंडाळून. तो आम्ही दुकानांतच बसवावयाचें ठरविलें. नात बारावींत आहे. तिनें स्क्रूड्रायव्हर हातीं घेतला, कारागीर शेजारीं उभा राहून "हळू, वो रिबन हय" एवढेंच म्हणत होता. पाऊण तासानें फोन उजळला. त्यानें पैसे घेण्याचें नाकारलें. काम पोरीनें केलें, असें त्याचें म्हणणें. आम्हीं म्हटलें, शाळेंत मुलें गणित स्वतःच सोडवितात, म्हणून मास्तरांचा पगार कोणी कापीत नाहीं. मग त्यानें तीनशें रुपये घेतले आणि तडकलेला पडदा ठेवून घेतला. त्याखालचें कांहींतरी त्यास उपयोगीं पडणार होतें.

तेव्हांपासून नातीची नव्या फोनाची मागणी थांबली आहे असें नाहीं. फक्त ती हल्लीं बॅटरी कशी निघते हें आधीं विचारते. पुतण्या या पौषांत येणार आहे. जादा बॅटरी विमानांत सामानांतून पाठवितां येत नाहीं, ती जवळच्या पिशवींत ठेवावी लागते, तें त्यास कळविलें आहे. पैसे या वेळीं आधींच भरले. पडदा बसवितांना एक स्क्रू नातीच्या हातून दुकानाच्या फळीखालीं गेला, तो सांपडला नाहीं. कारागिरानें डब्यांतल्या कोणत्या तरी मेलेल्या फोनाचा एक काढून बसवून दिला. त्याचें डोकें किंचित् मोठें आहे, पण पाठ बरोबर बसते.