साक्षीची वही

पहाटे पाच वाजता टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी चार बायका जमल्या की पहिला प्रश्न विचारण्याचा मान दूधवाल्याचा. "बाई, कुणाचं काय बरं-वाईट झालं काय?" असे त्याने पहिल्या दिवशी मोठ्या काळजीने विचारले होते. बायका धावताना दिसल्या म्हणजे घरी कोणी तरी अत्यवस्थ असले पाहिजे, निदान आगगाडी तरी चुकत असली पाहिजे, असा त्या भल्या माणसाचा समज. "काही नाही हो, उगीच पळतोय," असे आम्ही सांगितले, तेव्हा तो अधिकच चिंतातुर झाला. या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. हल्ली आम्ही एखादे दिवशी दिसलो नाही तरच तो चौकशी करतो.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगितले पाहिजे. एक गणिताच्या बाई, एक भूगोलाच्या बाई, शाळेची घंटा देणाऱ्या मावशी आणि मराठी शिकविणारी प्रस्तुत लेखिका. गणिताच्या बाईंच्या घरी कानडी बोलतात, प्रस्तुत लेखिकेच्या घरी कोकणी, आणि बाकी दोघींच्या घरी मराठी. त्यामुळे राजहंसगडाच्या चढावर कोणाचा दम तुटू लागला की "इन्नू स्वल्प", "आनीक मातशें", "आता थोडंच राहिलं" असा तिन्ही भाषांतून धीर देणे चालते. तिन्हींचा अर्थ एकच. आणि तिन्ही वेळा ते खोटे असते, हेही आम्हां सर्वांना ठाऊक असते. तरी पाय उचलतात.

आमच्यापैकी कोणीही खेळाडू नव्हे. शाळेत असताना लिंबू-चमच्याच्या शर्यतीपलीकडे आमची मजल गेली नव्हती, आणि तेथेही बहुधा लिंबूच आधी पळे. पहिल्या दिवशी आम्ही विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावलो आणि तेथे उभे राहून पुष्कळ वेळ हसलो. पुढे खांब वाढत गेले. वर्षभराने व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून फेऱ्या सुरू झाल्या. दोन वर्षांनी येळ्ळूरचा रस्ता धरून गडाच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागलो. बेळगावचा आषाढ ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको की, त्या दिवसांत बूट वाळत नाहीत. ओले बूट चुलीजवळ ठेवले म्हणून घरी बोलणी कोणी खाल्ली, हे विचारू नये. सर्वांनीच खाल्ली.

मावशी आमच्यात शेवटी आल्या. तेव्हा त्यांचे वय सेहेचाळीस होते. पदर कमरेला खोचून त्या पहिले दोन महिने लुगड्यातच धावल्या. पुढे लेकीने पंजाबी पोशाख शिवून दिला. त्या सर्वांच्या मागे असत, परंतु थांबत नसत. आम्ही वळणावर उभे राहून त्यांची वाट पाहावी आणि त्यांनी आमच्याजवळून न थांबताच पुढे निघून जावे, असेही अनेकदा होई.

आणि आता जी गोष्ट लिहावयाची ती लिहिताना लेखणी अडखळते. तीन वर्षांपूर्वी जवळच्या एका शहरात एकवीस किलोमीटरची शर्यत होती. आम्ही चौघींनी नावे दिली. आम्ही तिघी पावणेतीन तासांच्या आत पोहोचलो. गळ्यात पदके पडली, छायाचित्रे निघाली, सपाटून भूक लागली होती. मावशी येतीलच, तोवर चहा घेऊन येऊ, असे म्हणून समोरच्या उपाहारगृहात शिरलो. उप्पीट आले, चहा आला, मग दुसरा चहा आला. आपापल्या पराक्रमाची वर्णने काही केल्या संपेनात. परत आलो तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवून तिच्या घड्या घालणे चालले होते. वेळ नोंदविणारी मंडळी निघून गेली होती. मावशी रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या होत्या. बूट काढून शेजारी नीट ठेवले होते.

"आले मी," एवढेच त्या म्हणाल्या.

"किती वाजता?" गणिताच्या बाईंनी विचारले. मावशींच्या मनगटावर घड्याळ नव्हते. कमान उतरविणाऱ्या माणसांचे तिकडे लक्ष नव्हते. त्या नक्की कधी पोहोचल्या हे कोणालाच सांगता येईना. परतीच्या गाडीत आमच्या गळ्यांतील पदके आम्ही हळूच काढून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा वेळेवर झाली. पण पहाटे फाटकापाशी मावशी आल्या नाहीत. आठ दिवस आल्या नाहीत. नवव्या दिवशी आम्ही त्यांच्या गल्लीत गेलो. त्यांनी चहा केला. रागाचा एक शब्द नाही. निघताना मात्र म्हणाल्या, "मागं राहिले त्याचं काय नाही, बाई. मागं राहायची सवय हाय. पण आले, ते कुणीतरी बघायला पाहिजे होतं."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोनशे पानांची एक वही विकत आणली. तिच्यात रकाने आखले: तारीख, अंतर, वेळ, सही. नियम दोनच केले. आपली वेळ आपण लिहावयाची नाही. दुसरीने पाहावी, दुसरीने लिहावी आणि खाली सही करावी. आणि शेवटची सोबतीण आल्यावाचून कोणीही घरी जावयाचे नाही, मग घरी पोळ्या खोळंबल्या तरी हरकत नाही. दहाव्या दिवशी मावशी फाटकापाशी आल्या. वहीतील पहिली नोंद त्यांची आहे.

पुढच्या मे महिन्याच्या सुटीत ऑलिंपिक खेळांच्या इतिहासाविषयी वाचताना एका स्त्रीची हकीकत आमच्या दृष्टीस पडली. तिचे नाव स्तमाता रेविथी. ती ग्रीस देशातील एक गरीब बाई होती. 1896 साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक खेळ प्रथम भरले. त्यांत मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरची शर्यत ठेवली होती. रेविथीने तीत धावण्याची इच्छा व्यक्त केली; परंतु स्त्रियांना परवानगी नव्हती. 10 एप्रिल रोजी पुरुषांची शर्यत झाली. स्पिरिडॉन लुई नावाचा ग्रीक तरुण पहिला आला, आणि संगमरवरी क्रीडांगणात त्याचा जयजयकार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रेविथी त्याच रस्त्याने एकटीच निघाली. दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे साडेपाच तासांनी, ती अथेन्सला पोहोचली. क्रीडांगणाची दारे तिच्यासाठी उघडली नाहीत. शहराच्या कडेला काही लष्करी अधिकारी भेटले. आपण अमुक वाजता येथे पोहोचलो असा कागद तिने त्यांच्याकडून लिहून घेतला. असाच एक कागद तिने निघतानाही घेतला होता. ती किती वाजता निघाली याची ग्वाही देऊन त्यावर गावच्या प्रमुख मंडळींनी सह्या केल्या होत्या, आणि त्यांत गावच्या शाळेचे शिक्षक होते. हे कागद दाखवून कोठेतरी काम मिळावे, अशी त्या बाईची आशा होती म्हणतात. पुढे तिचे काय झाले, याची नोंद इतिहासात नाही.

ही हकीकत आम्ही व्हॅक्सिन डेपोच्या कट्ट्यावर वाचून दाखविली. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सही कुणी केली म्हणालात? मास्तरांनी?" आणि थोड्या वेळाने, "मग आता तिथं बायकांना आत सोडतात काय?"

सोडतात. मात्र तेथवर येण्यास फार काळ लागला. 1928 साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना 800 मीटर धावू दिले. पण हे अंतर त्यांना झेपत नाही अशी ओरड होऊन ती शर्यत बंद पडली, ती 1960 साली रोम येथे पुन्हा सुरू झाली. 1967 साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर 261 क्रमांक लावून धावत होती. ती स्त्री आहे हे लक्षात येताच एका अधिकाऱ्याने तो क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. बरोबर धावणाऱ्यांनी त्याला दूर लोटले आणि तिने शर्यत पुरी केली. 1972 साली बोस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम झाली ती 1984 साली, लॉस एंजेलिस येथे. ती अमेरिकेच्या जोन बेनॉइटने 2 तास 24 मिनिटे 52 सेकंदांत जिंकली. रेविथी धावली त्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी.

आता दर वर्षी नोव्हेंबरात मॅरेथॉन गावापासून अथेन्सच्या त्याच संगमरवरी क्रीडांगणापर्यंत 42.195 किलोमीटरची शर्यत भरते, आणि पूर्वी अमुक वेळात धावल्याचा दाखला तेथे मागत नाहीत. आठ तासांच्या आत पोहोचले म्हणजे झाले. मावशींचा प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. चौघींनी अथेन्सला जावयाचे असे ठरले. भूगोलाच्या बाईंनी नकाशा आणला. दहाव्या किलोमीटरपासून जवळजवळ एकतिसाव्यापर्यंत चढच चढ आहे, आणि मग शहराकडे उतार. "म्हणजे आपला राजहंसगड पुन्हा पुन्हा," त्या म्हणाल्या. येथपर्यंत सर्व आनंदात चालले होते.

मग गणिताच्या बाईंनी हिशेब मांडला. विमान, राहणे, व्हिसा, विमा, प्रवेशशुल्क मिळून प्रत्येकी एक लाख ऐंशी हजार. तिघींना ते जड होते, पण अशक्य नव्हते. मावशींना अशक्य होते. "यंदा तिघींनी जाऊन यावे, मग पुढे पाहू," असे एक वाक्य उच्चारले गेले. ते कोणी उच्चारले हे येथे लिहीत नाही. 'आम्ही' या सर्वनामाची एवढी तरी सोय असावी. पण तीच तिघींची पंगत, तोच चहा, हे ते वाक्य तोंडून बाहेर पडताच सर्वांना दिसले. त्यावर दुसरीने घाईने सुचविले की, मावशींचा खर्च तिघींनी वाटून घ्यावा. मावशी उठल्या. "मला कुणाच्या पैशानं पळायचं नाही," म्हणाल्या आणि घंटा द्यावयास निघून गेल्या. वही त्यानंतर पंधरा दिवस कोरी आहे.

तोड मावशींनीच काढली. "मला चकली येते," त्या म्हणाल्या. "तुम्हांस येत नाही. शिकवते." त्या दिवाळीपासून आम्ही फराळ करून विकू लागलो. शाळेत आम्ही शिकवावे आणि मावशींनी ऐकावे, हा क्रम मावशींच्या स्वयंपाकघरात उलटा झाला. भाजणी किती भाजावी, मोहन किती घालावे, सोऱ्या कसा दाबावा म्हणजे चकलीला काटा येतो, हे आम्ही बोलणी खात शिकलो. गणिताच्या बाईंच्या चकल्या पहिल्या दिवशी तुकडे तुकडे झाल्या, तेव्हा मावशींनी त्या बाजूस काढून "ह्या तुमच्या घरी," असा निकाल दिला. नफ्याचे पाच वाटे ठरले: आमचे एकेक आणि कारागिराचे दोन. हे दान नव्हे. विद्येचे मोल आहे, आणि मावशींनी ते मोजून घेतले.

दोन दिवाळ्यांत आणि मधल्या उन्हाळ्याच्या पापडांत खर्च वजा जाऊन दीड लाख रुपये उरले. मावशींचे साठ हजार झाले, आणि पोस्टात महिन्याला टाकलेले तीस हजार निराळे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि शिधापत्रिकेवर सासरचे, म्हणून त्यांचा पासपोर्ट आठ महिने अडला होता. तोही गेल्या श्रावणात हाती आला. मावशींनी तो देवापुढे ठेवला नाही. धान्याच्या डब्यात ठेवला, कारण तेथे उंदीर जात नाही. गणिताच्या बाई म्हणतात त्याप्रमाणे आम्ही अजून एकविसाव्या किलोमीटरवर आहोत. निम्मी वाट राहिली आहे. भूगोलाच्या बाईंचा गुडघा थंडीत कुरकुरतो. नोव्हेंबरात शाळा चालू असते, तेव्हा रजेचा प्रश्नही आहेच. आम्ही जाऊच असे ठामपणे कोणी सांगावे? पण गेलो तर चौघी जाऊ, एवढे ठरले आहे.

मुलींनो, धावणे हे एकटीचेच काम आहे. दुसरीचे पाय आपल्याला उसने घेता येत नाहीत. परंतु आपण पोहोचलो हे पाहावयास कोणी तरी थांबलेले असावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे. आणि तेवढी एकमेकींसाठी पुरी करणे आपल्या हातात असते. मॅरेथॉन गावच्या त्या शिक्षकाने दुसरे काय केले? एक बाई एका सकाळी निघाली, आणि आपण ते पाहिले, असे त्याने लिहून दिले. आम्हां शिक्षकांच्या हातून अनेक कागदांवर सह्या होतात. त्यांतील एखादी तरी अशी असावी.

गेल्या जूनपासून नववीतील दोन मुली पहाटे फाटकापाशी येऊ लागल्या आहेत. पहिल्या दिवशी त्या विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावल्या. वहीत त्याची नोंद आहे, आणि तिच्यापुढे ठळक, सावकाश काढलेल्या अक्षरांत सही आहे ती मावशींची.