खरूज आणि खाज

चि. अमेय,


खोलीतल्या मित्राला खरूज झाली, मला तर काहीच खाजत नाही, मग मी मलम कशाला लावू, असं तू विचारलंस. याचं उत्तर तू शिकतोस त्या शेफील्डमध्येच सापडलेलं आहे. १९४१ साली केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने तिथे, युद्धावर जायला नकार देणाऱ्या तरुणांवर, त्यांच्या संमतीने खरजेचे प्रयोग सुरू केले. खरजेचे किडे अंगावर आल्यावर पहिले काही आठवडे त्यांना जवळपास काही जाणवलं नाही. महिना उलटला आणि खाजेने झोप उडाली. बरे झालेल्यांना पुन्हा लागण झाली, तेव्हा मात्र खाज एखाद्या दिवसातच सुरू झाली. दरम्यान शरीर त्या किड्याला ओळखायला शिकलं होतं. खाज सुटते ती या ओळखीतून. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालते. तिची विष्ठा, लाळ, अंड्यांची टरफलं यांतली प्रथिनं खाली झिरपली की रोगप्रतिकारक पेशी तिथे धावून येतात आणि कातडी सुजते. मेलनबीने रुग्णांच्या अंगावरचे किडे मोजले, तर सरासरी निघाली जेमतेम ११-१२. एवढ्याशा किड्यांपायी अंगभर पुरळ!

मग स्टेरॉइडचं मलम चोळून ही प्रतिक्रियाच दाबली तर? ते फार महागात पडेल. १८४८ मध्ये नॉर्वेत डॅनियलसेन आणि बॉक यांनी महारोग्यांमध्ये खरजेचा एक भयंकर प्रकार नोंदवला: जाड खपल्या, आणि त्यांत असंख्य किडे. प्रतिकारशक्ती खचलेल्यांना आजही तो होतो. किडे लाखांवर जातात आणि खाज कित्येकदा नावालाच असते. म्हणजे ही त्रासदायक प्रतिक्रिया किड्यांची संख्या आवरून धरते. त्यांचा पुरता नायनाट मात्र तिला साधत नाही, कारण किड्याच्या आतड्यातून येणारी काही प्रथिनं रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ या संरक्षक साखळीलाच अडवतात.

तेव्हा खाज नाही म्हणून किडे नाहीत, असं धरून चालू नकोस. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी परमेथ्रिनचं मलम लावा, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा सोडू नका, आठवड्याने पुन्हा लावा. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाजेल, कारण मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडीबरोबर झडायला तेवढा वेळ लागतो. औषध फुकट गेलं असं समजून रोज मलम थापू नकोस, त्याने कातडी आणखी चिडते. महिन्यानंतरही नवे फोड दिसले, तर डॉक्टरांना दाखव.

तुझा,
काका