आमच्या घरचें द्यूतपर्व

गेल्या आषाढांत पेन्शनचें पासबुक भरून आणावयास आम्ही बँकेंत गेलों होतों. हा आमचा दरमहाचा नेम आहे. हल्लीं सारा हिशेब मोबाइलमध्येंच दिसतो, पासबुकाचें आतां कांहीं प्रयोजन उरलेलें नाहीं, असें घरांतील तरुण मंडळी आम्हांस नेहमीं सांगतात. पण ज्यानें तेहतीस वर्षें हजेरीपत्रकाच्या उभ्या-आडव्या बेरजा जुळविल्या, त्याचें छापील ओळीवर बोट ठेवल्याखेरीज समाधान होत नाहीं. त्या दिवशीं बोट ठेवलें तें तेथेंच थबकलें. विजेचें बिल, गॅस, औषधें या ओळखीच्या रकमांच्या मधूनमधून ८९ रुपये, १५९ रुपये, पुनः ८९, एकदां तर ७९९, अशा कधीं न पाहिलेल्या रकमा दोन महिने सारख्या बाहेर गेल्या होत्या. तेथल्याच बाकावर बसून आम्हीं त्यांची बेरीज केली. ती ७,३१० रुपये भरली. पुनः केली, तेवढीच भरली. खिडकीपाशीं बसणाऱ्या मुलीनें पासबुक पाहिलें आणि अगदीं सहज विचारलें, “आजोबा, हे गेमचे पैसे दिसतात. घरांत लहान मूल आहे का?”

घरांत लहान मुलें तीन आहेत. कारण आम्ही दोघे बंधु अजून एकाच स्वयंपाकघरांत जेवतों. परंतु आमच्या मोबाइलचा चार आंकडी पिन ठाऊक असलेलें मूल एकच, आणि तें म्हणजे बारा वर्षांचा आमचा नातू. पिन त्यानें चोरला नव्हता. बिल भरतांना आमचीं बोटें अडखळतात म्हणून आम्हींच त्याला तो सांगितला होता, आणि आमचा नातू हा आमचा कोषाध्यक्ष आहे, असें चारचौघांत कौतुकानें म्हणतहि होतों.

पुढें काय झालें तें सांगण्यापूर्वीं या खेळांविषयींचें आमचें मत वाचकांपुढें ठेवणें अवश्य आहे. तें मत फार जुनें आहे. इतकें जुनें कीं, खेळ पाहण्याच्या आधींच तें बनलें होतें.

आमच्या घरीं दूरचित्रवाणीचा संच आला तो १९८७ च्या जानेवारींत, ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हां. तोहि काळा-पांढरा. तोंवर आमची करमणूक म्हणजे रेडिओ, पत्ते, आणि गणेशोत्सवांत आळीनें वर्गणी काढून एका रात्रीपुरता भाड्यानें आणलेला व्हीसीआर. संच रामचंद्राच्या निमित्तानें घरांत आल्यामुळें त्याजकडे पाहण्याची आमची दृष्टि जवळजवळ सोंवळ्याची होती. अशा संचाला १९९४ च्या दिवाळींत, वय वर्षें दहा असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं ‘टीव्ही गेम’ जोडण्याची परवानगी मागितली. त्याची किंमत बाराशे रुपये होती, म्हणजे आमच्या तेव्हांच्या पगाराचा तिसरा हिस्सा. तरीहि आम्ही दुकानांत गेलों. यंत्राबरोबर एक पिवळी कॅसेट असे, व तिच्यांत ९९९९ खेळ आहेत असें तिच्यावर छापलेलें होतें. आम्हीं दुकानदारास ती लावून दाखविण्यास सांगितलें आणि यादी तपासूं लागलों. पहिल्या पानावरील खेळ तिसऱ्या पानावर निराळें नांव धारण करून पुनः हजर! निवडून काढले तर खरे खेळ वीसहि भरेनात. मध्येंच चित्र थिजलें. तेव्हां दुकानदारानें कॅसेट उपटली, तिच्यांत जोरानें फुंकर मारली आणि पुनः बसविली. जें यंत्र फुंकरीवर चालतें तें चुलीच्या फारसें पुढें गेलेलें नाहीं, असें आम्ही तेथेंच म्हणालों व आपल्या विनोदावर खूष झालों.

तें यंत्र जपानांत १९८३ सालीं १४,८०० येन किंमतीस निघालेल्या यंत्राची नक्कल होतें, आणि मूळ यंत्र करणारी क्योतो शहरांतील निंटेंडो मंडळी १८८९ पासून खेळण्याचे पत्ते करीत आलेली, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. तेव्हां कळतें तर कदाचित् मन थोडें मऊ झालें असतें. कारण आमच्या आजोबांच्या लांकडी पेटींत सावंतवाडीच्या गंजिफा होत्या, व त्यांस कोणी व्यसन म्हणत नसे. परंतु त्या दिवशीं आम्हीं एवढेंच पाहिलें कीं, ९९९९ म्हणून सांगून वीस देणारा खोटें बोलतो, आणि खोट्यास बाराशे रुपये देणें नाहीं. चिरंजीवांस आम्हीं एक कॅरमबोर्ड व एक शब्दकोश आणून दिला. तो कांहीं बोलला नाहीं. लहानपणीं तो फारसें कांहीं बोलतच नसे.

तेच चिरंजीव गेल्या दिवाळींत प्लेस्टेशन घेऊन आले. २०२१ च्या फेब्रुवारींत तें पांचव्या पिढीचें यंत्र हिंदुस्थानांत विक्रीस आलें, तेव्हां त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. पन्नास हजारांतून हे दहा रुपये कोणाची दिशाभूल करण्यासाठीं वगळतात, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. शिवाय मोठ्या खेळाची एकेक तबकडी चार-पांच हजारांची. आम्हीं अर्थातच आवाज चढविला. चिरंजीव शांतपणें म्हणाले, “नाना, घरच्या सहा माणसांनीं एकदां मल्टिप्लेक्सला जाऊन लाह्या खाल्ल्या तर तीन तासांस अडीच हजार जातात. हा एक खेळ साठ तास पुरतो.” आम्हीं उत्तर दिलें कीं, अमरकोश त्याहून स्वस्त असून जन्मभर पुरतो. त्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, “पण नाना, अमरकोश दोघांना मिळून खेळतां येत नाहीं.” बोलण्याचें हें कसब त्यांनीं माहेराहून आणलेलें असावें.

एका गोष्टीपुरता मात्र चिरंजीवांचा व्यवहार आम्हांस पटला. त्याच यंत्राचा एक प्रकार तेव्हां दहा हजारांनीं स्वस्त होता. परंतु त्यांत तबकडी घालावयाची सोयच नव्हती. त्यावर खेळ घ्यावयाचा तो आंतरजालावरून, खरेदी करणाऱ्याच्या खात्यावर. असा खेळ ना शेजाऱ्यास उसना देतां येत, ना जुन्या बाजारांत विकतां येत. जी वस्तु उसनी देतां येत नाहीं तिला आपली कसें म्हणावें? चिरंजीवांनीं तबकडीचें यंत्र घेतलें होतें, आणि एक खेळ संपला कीं मित्राच्या दुसऱ्या खेळाशीं ते अदलाबदल करीत. पुस्तकांचें आम्हींहि हेंच केलें आहे. तरीहि त्या पन्नास हजारांवरून आम्ही आठ महिने धुसफुसत होतों. आणि शेवटचे दोन महिने फुकटाचा खेळ आमच्याच खिशांत बसून पासबुक कुरतडीत होता.

होय, तो खेळ फुकट होता. “आजोबा, फ्री आहे,” असें म्हणून नातवानें तो आमच्या मोबाइलवर उतरविला होता, आणि बाराशे रुपये नाकारणाऱ्या आम्हींच मान हालविली होती. बँकेंतून आल्यावर आम्हीं तो खेळ प्रथमच नीट पाहिला. आरंभीं तो अतिशय उदार असतो. नाणीं सांपडतात, वाद्यें वाजतात, पदोपदीं स्तुति होते. आठ-दहा दिवसांनीं त्याची चाल मंदावते. पुढें जावयाचें तर चार तास थांबा, नाहींतर ८९ रुपये द्या! मग बंद पेट्या येतात. पेटींत काय आहे तें पैसे भरून उघडल्याखेरीज समजत नाहीं; बहुतेक पेट्यांत कांहींच मोलाचें नसतें, पण एखादींत कोणास तरी हवें तें निघतें. आमच्या नातवास निळ्या पंखांचा घोडा हवा होता. प्रत्येक वेळीं त्याला वाटे, पुढच्या पेटींत तो असणारच. ७,३१० रुपयांत तो निघाला नाहीं.

आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. पण पाठशाळेंत धातुपाठ मात्र पाठ झाला. त्यांत ‘दिव्’ या धातूचे अर्थ ओळीनें दिले आहेत: खेळणें, जिंकण्याची इच्छा, देवघेव, चकाकणें, स्तुति, आनंद, मद, झोंप, कांति, गति. लहानपणीं आम्हांस वाटे, एका धातूच्या पाठीवर एवढें ओझें कां लादलें असावें? त्या संध्याकाळीं नातवाचा खेळ पाहतांना दहाच्या दहा अर्थ डोळ्यांसमोर झगमगले. झोंपहि त्यांत होती. कारण रात्रीं दीड वाजतांच्या दोन रकमा पुढें आम्हांस आढळल्या.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटीं द्यूताचे नियम आहेत. द्यूत ठरलेल्या एकाच जागीं चालावें, फांसे अध्यक्षानें पुरवावे, फांसे बदलणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, आणि जिंकलेल्या द्रव्यांतून अध्यक्षानें शेंकडा पांच घ्यावे. शिवाय कवड्या-फांशांचें भाडें, पाण्याचे व जागेचे पैसे निराळे. जुगाराचा अड्डा म्हणून आपण नाक मुरडतों. पण कौटिल्याचा तो अड्डा या फुकट खेळापुढें बराच प्रामाणिक दिसतो. तेथें फांसे सर्वांसमोर पडत, व जिंकलेल्यास कांहीं तरी घरीं नेतां येई. येथें फांसे खेळ करणाऱ्याच्याच कोठारांत पडतात, आणि लाभलेला घोडा त्या पडद्याबाहेर पाऊलहि टाकीत नाहीं. बेल्जम देशानें अशा कांहीं पेट्या हा जुगारच होय असें २०१८ सालीं ठरविलें. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांचा कायदा केला; त्यांतील बंदीचा रोंख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. निळ्या घोड्यासाठीं पैसे लावणाऱ्या पोरांची काळजी अजून घरच्यांनाच वाहावयाची आहे.

त्या रात्रीं घरांत मोठी सभा भरली. धाकट्या बंधूंनीं आमच्या जुन्या छडीची आठवण काढली. चिरंजीव आपल्या खिशांतून सर्व रक्कम भरून प्रकरण मिटवावयास निघाले. नातू तुळशीपाशीं जाऊन बसला होता. जेवावयास आला नाहीं. आमच्या मनांत सारखें ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्त येत होतें. बेहड्याच्या फळांचे फांसे खेळणारा तो जुगारी आतां पुनः जाणार नाहीं असा निश्चय करतो, आणि फांसे पडल्याचा आवाज कानीं येतांच निघतो. आईबाप व भाऊ ‘आम्ही याला ओळखत नाहीं’ म्हणतात, तो भाग पाठशाळेंत म्हणतांना आम्हांस कधीं कांहीं वाटलें नव्हतें. आम्ही उठून तुळशीपाशीं गेलों. कांहीं वेळानें विचारलें, “पेटी उघडतांना काय वाटतं रे?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, उघडायच्या आधी छान वाटतं. उघडल्यावर नाही.”

निजतेवेळीं आमच्या कुटुंबानें एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “तुम्हांला कधीं सांगितलं नाहीं. तुम्हीं तो टीव्ही गेम घेऊन दिला नाहींत ना, त्यानंतर तो स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत जायचा. नाणं टाकून खेळायचा. मीच त्याला रोज दोन रुपये द्यायची, दुधाच्या पैशांतले.” किती दिवस, असें आम्हीं विचारलें. “दोन वर्षं. एकटाच जायचा. मित्राला नेलं तर तो घरीं सांगेल ही भीति.” अंधारांत आम्हीं मनाशीं हिशेब केला. सुट्यांचे दिवस वगळले तरी बाराशेंच्या आसपास भरले.

दुसरे दिवशीं तो खेळ मोबाइलवरून काढून टाकला व पिन बदलला. नवा पिन आम्हीं कोणासहि सांगितलेला नाहीं. त्यामुळें दोन वेळां तो आम्हांसच आठवेना, आणि बिल भरावयास बँकेंत जावें लागलें. चिरंजीवांचे पैसे आम्हीं घेतले नाहींत. नातवाच्या नांवानें एक वही घातली असून आठवड्यास पन्नास रुपये तो स्वतःच्या खाऊच्या पैशांतून जमा करतो. त्याच्या बापानें पन्नास हजारांचें तें यंत्र माजघरांतून दिवाणखान्यांत, सर्वांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवलें आहे, व रविवारीं जेवणानंतर आम्ही, नातू आणि चिरंजीव असे तिघे पाळीपाळीनें मोटारींची शर्यत खेळतों. आमची मोटार बहुधा उलट दिशेनें तोंड करून उभी असते. तरी एकदां धाकटे बंधु मागें उभे राहून “डावीकडे, डावीकडे!” म्हणून ओरडूं लागले, तेव्हां छडीची आठवण काढणारे ते हेच काय, असें वाटलें.

गेल्या रविवारीं वहींत वीस आठवड्यांचे १,००० व वाढदिवसाला मिळालेले १,५०० मिळून २,५०० रुपये जमा झाले. ४,८१० येणें आहेत. वही मिटतांना नातू म्हणाला, “आजोबा, आजच्या शर्यतींत मी जिंकलों तर पन्नास रुपये वजा करतां का?” आम्हीं नाहीं म्हटलें, पण लगेच म्हटलें असें नाहीं.