रात्रीचा हमरस्ता

ससेक्समधील अरुंडेल या टुमदार नगरात आम्ही गेलो, ते १८७३ साली खुल्या झालेल्या तेथील कॅथेड्रलच्या ओढीने. दिवसा हमरस्त्यावर भीतीचा लवलेश नव्हता. सायंकाळी दुकाने मिटली आणि आमचीच पावले आम्हांस दचकवू लागली. इंग्लंडच्या अशा लहान नगरांत धोका असलाच तर तो बहुधा शनिवारी रात्री, मद्यालये बंद होताना. कॅमेरे तेव्हा नुसते पाहतात. ‘स्ट्रीट पास्टर्स’ मात्र रस्त्यावर उतरतात. २००३ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात सुरू झालेली ही चळवळ पुढे अनेक नगरांत पोहोचली. निरनिराळ्या ख्रिस्तसभांचे हे स्वयंसेवक प्रवचन देत नाहीत (आम्हां धर्मगुरूंना हे जडच जाईल!), ते काचा वेचतात, पाणी देतात, उंच टाचांचे जोडे हाती घेऊन अनवाणी निघालेल्या मुलीला साध्या चपला देतात आणि टॅक्सी येईपर्यंत तिच्याजवळ थांबतात.