सशाचं पचन

दिवाळीनंतर वेल्ह्यात गवतकापणी सुरू होते. त्याच दिवसांत आठवीतल्या एका मुलाने तोरण्याच्या पायथ्याच्या पडातून अर्धवट वाढलेला ससा धरून आणला, कोंबड्यांच्या डाल्याखाली ठेवला आणि मला बोलवायला आला. कारण मीच वर्गात ठोकून दिलं होतं की सशाचा हाजमा कच्चा. लेंडी फोडली तर आत गवताचा भुसाच दिसतो. मी उर्दू-मराठीचा मास्तर, पण बी.एड. झाल्यापासून ‘माहीत नाही’ म्हणायची सवयच गेली आहे.

“सर, मोजून बघू ना,” तो म्हणाला.

मोजणं सोपं वाटलं. खाल्लेल्या गवतातून लेंड्या वजा केल्या की पचलेलं उरतं. हिरव्या गवतात पाणीच जास्त, म्हणून दोन्ही वाळवून तोलायचं. १०० ग्रॅम सुकं गवत खाल्लं, ४० ग्रॅम सुक्या लेंड्या पडल्या, तर ६० टक्के पचलं.

रात्री वाचत बसलो आणि माझाच धडा उलटला. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. जाड चोथा कोरड्या लेंडीतून लवकर बाहेर काढतो. बारीक चुरा आतड्याच्या पिशवीत राहतो, तिथे जंतू तो आंबवतात, त्याची मऊ लेंडी होते आणि ती ससा जमिनीवर पडूच देत नाही, तोंड मागे नेऊन थेट गिळतो. पाळीव सशांबद्दल मोरो या फ्रेंच पशुवैद्याने हे १८८२ मध्येच लिहिलं होतं. म्हणजे मी जी फोडली, ती सशाने मुद्दाम टाकून दिलेली लेंडी.

सकाळी गेलो तर डाल्याखालचं गवत जसंच्या तसं. ससा एका कडेला अंग चोरून बसलेला, नाक तेवढं हलत होतं. रानातला ससा धरणं कायद्यात बसत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. संध्याकाळी आम्ही तो होता तिथेच सोडला. मुलगा परत येताना बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. मग ससा न धरता मोजायची रीतही सांगितली. गवतात वाळूसारखा न पचणारा अंश असतो. गवतात तो शेकडा ३ आणि लेंडीत शेकडा ६ निघाला, तर निम्मं पचलं. पण लेंडीला माती चिकटली की हिशोब फसतो. शिवाय राख करायला भट्टी आणि आम्ल लागतं, ते आमच्याकडे नाही.

तरी त्याने पडातून माती न लागलेल्या लेंड्या निवडून आणल्यात. वर्गाच्या खिडकीत कागदावर वाळतायत.