गुडघ्याची वाटी

परक्या भाषेतील शब्दाचा अर्थ कोशात सापडला, म्हणजे तो शब्द समजला, असे आपण मानतो. परंतु पुष्कळदा अर्थ हाती येतो आणि वस्तू मात्र दूरच राहते.

जळगावहून धुळ्यास जाताना वाटेत पारोळे लागते. त्या भागातील एका शेतकऱ्याचा नातू धुळ्यास शिकत होता. पोळ्यासाठी तो घरी आला, तेव्हा घरात चिंता पसरली होती. थोरल्या बैलाचा मागचा पाय चालता चालता एकाएकी ताठ होई. खूर जमिनीवर घासत मागे राही आणि मग झटक्यासरशी पाय पुढे येई. कपाशीची कोळपणी खोळंबली होती. काकांनी बैल गुरांच्या दवाखान्यात दाखवून आणला होता. डॉक्टरांनी लहानशी शस्त्रक्रिया सुचविली होती. पण आजोबा तयार नव्हते. “ज्या पायांवर आपले घर उभे आहे, त्यांवर शस्त्र चालवायचे, तर कोठे आणि कशासाठी, हे मला आधी कळले पाहिजे,” असे त्यांचे म्हणणे होते.

दवाखान्याच्या चिठ्ठीवर दोन अपरिचित इंग्रजी शब्द होते : ‘स्टायफल’ आणि ‘पॅटेला’. नातवाने कोश उघडला. पहिल्याचा अर्थ जनावराच्या मागच्या पायाचा गुडघा. दुसऱ्याचा, गुडघ्याची वाटी.

“आबा, बैलाच्या गुडघ्याची वाटी अडकली आहे,” असे म्हणून त्याने मागच्या पायाच्या मध्यावर जो टोकदार सांधा मागे आलेला दिसतो, त्यावर बोट ठेवले.

आजोबांनी खाली बसून तो सांधा चाचपला. “येथे वाटी कोठे आहे? हे तर टोकदार हाड, आणि त्यावरून वर गेलेली ही जाड शीर. जी वस्तू येथे नाहीच, ती डॉक्टर सोडविणार कशी?”

मुलगा निरुत्तर झाला. कोश खोटा नव्हता आणि आजोबांचा हातही खोटा नव्हता. त्याने स्वतःचा गुडघा चाचपला. वाटी तेथे होती. पण ती पुढच्या बाजूस होती. मग बैलाशेजारी उभे राहून त्याने टाचा उचलल्या आणि बोटांवर तोल सावरला. त्याबरोबर त्याला उलगडा झाला. बैलाचे ते टोकदार हाड म्हणजे टाच होती, आणि ती जाड शीर म्हणजे टाचेवरची शीर! इंग्रजीत त्या सांध्याला ‘हॉक’ म्हणतात. तो घोट्याचा सांधा होय. बैल टाच टेकतच नाही. तो दोन बोटांच्या नखांवर चालतो; त्या नखांनाच आपण खूर म्हणतो.

“आबा, टाच येथे असेल, तर गुडघा याहून वर हवा!”

आजोबांचा हात वर सरकला आणि पोटाजवळ, कातडीच्या घडीपाशी थांबला. बोटांखाली एक लहान हाड लागले. “ही पाहा वाटी,” ते हळूच म्हणाले. त्या जागेवरून त्यांचा हात शेकडो वेळा फिरला होता. पण तो गुडघा आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सर्व समजावून सांगितले. ही वाटी मांडीच्या हाडावरील खोबणीत वरखाली सरकते. खोबणीच्या आतील उंचवट्यावर ती अडकली की पाय वाकत नाही. तिला बांधून ठेवणाऱ्या तीन बंधांपैकी आतला एक तोडला की ती मोकळी होते. उरलेले दोन तिला सांभाळतात. जागा बधिर करून त्यांनी छोटासा छेद घेतला. थोड्या वेळाने बैल उठला आणि पाय वाकवून चालू लागला.

जखम ओली असल्याने त्या पोळ्याला तो मिरवणुकीत गेला नाही. मात्र आदल्या दिवशी खांदेमळणीस आजोबांनी त्याला हळद-तूप चोळले. चोळता चोळता ते हसले. “अरे, आपण खांदा म्हणतो, पण जू तर मानेवर असते!”

पुढे मार्गशीर्षी पौर्णिमेस दोघे सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहावयास गेले. तापीकाठचे हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. एक व्यापारी घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा दाखवीत होता. आजोबांनी त्यावरून हात फिरविला आणि नातवाच्या कानात म्हटले, “येथे वाटी नाही. हे मनगट असले पाहिजे.” त्यांचा तर्क अचूक होता. इंग्रजी बोलणारेही त्या सांध्याला गुडघाच म्हणतात. शरीरशास्त्र मात्र त्याला मनगट मानते.

लोक जसे पाहतात, तशी नावे ठेवतात. ‘पॅटेला’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही लहानशी थाळी असाच आहे. रोमच्या माणसाला जे हाड थाळीसारखे दिसले, तेच आपल्या पूर्वजांना वाटीसारखे दिसले. म्हणून अनोळखी शब्द भेटला, तर कोश अवश्य उघडावा. पण तो मिटल्यावर वस्तूवर एकदा हातही ठेवून पाहावा.