पिवळा गूळ आणि आमची यादी

शिक्षकमित्रहो, पालकहो, आधी घरातला गुळाचा डबा उघडून बघा. रंग कसा आहे? सोन्यासारखा पिवळाधमक असेल तर पुढचं जरूर वाचा. माझ्याही घरी वर्षानुवर्षं तोच होता, मोठ्या दुकानातून आणलेला, पारदर्शक डब्यातला.

आमची शाळा कोल्हापूरजवळच्या उसाच्या पट्ट्यात. गेल्या डिसेंबरात सातवीला अन्नभेसळ शिकवत होते. दुधात पाणी, मिरचीपुडीत विटेची पूड ही नेहमीची उदाहरणं झाली. मग म्हटलं, गूळ पिवळा दिसावा म्हणून काही जण रसायन घालतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे. "बाई, काळा गूळ कोण घेतंय? तुमी कुठला घेता?"

वर्ग हसला. मला उत्तर देता आलं नाही.

रविवारी त्यांच्या गुऱ्हाळावर गेले. चिपाडावर पेटलेलं चुलवाण, काहिलीत उकळणारा रस आणि वर आलेली मळी काढत उभा असलेला गुळव्या. मळी वर यावी म्हणून भेंडीची झाडं ठेचून त्यांचं चिकट पाणी रसात घालायची जुनी रीत आहे. त्यानं गूळ स्वच्छ होतो, पण पिवळाधमक होत नाही. तो रंग येतो हायड्रॉस पावडरीनं, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटनं. ते रसाचा रंग फिका करतं. मात्र त्यातून गुळात सल्फाइट उरतं, आणि दमा असलेल्यांपैकी काहींना सल्फाइटचा त्रास होतो. गंमत म्हणजे हा रंग टिकतही नाही. हवा लागली की गूळ हळूहळू पुन्हा काळपट पडायला लागतो.

मुलाचे वडील मोकळेपणानं बोलले. "बाई, आमाला काय हौस हाय व्हय? सौद्यात रंग बघूनच बोली लागती. घरात खायाला आमी बिनपावडरीचाच ठेवतो."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. "मग मला पाच किलो द्या की दादा," म्हटलं, तर ते हसले. "पाच किलोसाठी आदण कसं काढू? एका आदणाचं गिऱ्हाईक लावून द्या, चिमूटभर पावडर घालत न्हाई."

मग स्टाफरूममध्ये यादी लावली. किलोमागे दहा रुपये जास्त पडणार होते, तरी पालक धरून 31 नावं झाली. संक्रांतीच्या आधी गूळ आला, तपकिरी, थोडा मऊ. चार घरांतून परत आला. "जुना दिलाय" म्हणाले. एकीला त्यात चिपाडाचा धागा सापडला होता. त्यांना दोष कसा देऊ? माझ्या सासूबाईंनी पहिला चहा बाजूला सारून विचारलं होतं, "हा कसला गं रंग?"

आणि काळा म्हणजे शुद्धच, असंही समजू नका. जुना पिवळा गूळही काळा होतो, काही ठिकाणी साखरही मिसळतात. पाण्यात विरघळवला तर माती-खडू तळाशी बसलेला दिसतो, हायड्रॉस तसा दिसत नाही. म्हणून मी आता रंगावर जात नाही, कुणाच्या काहिलीतून आलाय ते विचारते. शिवाय गूळ कितीही चांगला असला तरी गोडच आहे. त्याला औषध समजून मुलांना खाऊ घालू नका.

यंदा दिवाळी झाली आणि त्या दादांचा फोन आला. "बाई, औंदा किती?" यादी पुन्हा लावली आहे. आजवर 19 नावं झालीत, परत करणाऱ्या चौघांपैकी दोघांची त्यात आहेत. आदणाला अजून साठेक किलो कमी पडतात.